त्याचं घर इकडं न्हाई

माझ्या लेकानं मला कार्टून बघायला बसवलं. बघून झालं की सांगायचं, पोरीला कॉलेजला धाडायचं का न्हाई. आता माझं वय काय, अन् मला कळतंय काय त्यातलं.

झालं असं. नात अकरावीला हाय. रोज सकाळच्या येष्टीनं वडवणीला जाती, दुपारी येती. मोबाईल तिच्या बापानंच घिऊन दिलेला, अभ्यासासाठी. एक दिवस चार्जिंगला लावलेला व्हता. लेकानं टाईम बघायला हातात घेतला, तर वर चित्र. एक पोरगं, एक पोरगी, अंगावर साळंचे कपडे, अन् दोघांत मिळून एकच छत्री. लेकानं मोबाईल उलटा ठिवला अन् जेवलाच न्हाई. सुनंला म्हणला, "उद्यापसून हिची येष्टी बंद. दिवाळीच्या आत बघायला पाव्हणे बोलवतो."

आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं मागल्या वरसी मोबाईलवरूनच काय तरी झालं व्हतं. तिला दहावीतून काढलं, लगीन लावून दिलं, आता तिच्या कडंवर लेकरू हाय. लेकाच्या डोक्यात तेच.

नात रडली न्हाई. दारात उभी राहिली अन् म्हणली, "पप्पा, ते जपानचं कार्टून हाय. त्यात वाईट काहीच न्हाई. तुमीच बघा अन् मग ठरवा."

आता बापानं लेकीच्या शेजारी बसून पोरापोरीचं कसं बघायचं. त्यो भिताडाकडं बघायला लागला. सून म्हणली, "माझ्याकडं नका बघू, माझं कुठं ऐकता तुमी." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"माय, तू बघ," लेक म्हणला. "चांगलं हाय का वंगाळ, तू सांग. तू म्हणशील तसं करू."

मी दुसरीतून साळा सोडली. नवरा गेला तवा पदरात दोन लेकरं व्हती, ती खुरपण करून वाढवली. माझ्या शब्दावर कुणाचं काय ठरावं असं कधी झालं न्हाई. पण नात माझ्याकडं अशी बघायली की मला न्हाई म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी वसरीवर बसलो. तिनं मोबाईल डब्याला टेकून उभा केला. पहिलं तर मला मान्सं वळखंना. सगळ्यांचे डोळे ताटाएवढे. नाक म्हणजे नुसता ठिपका. एकीचे केस निळे. म्हणलं, "हिला काय झालं?"

"काय न्हाई आजे, तसंच काढतेत."

"अन् बोलायलेत काय?"

"जपानी हाय. खाली इंग्रजीत येतंय, मी वाचून सांगते."

"तू सांगशील तेच खरं का मग?"

"तर काय. तुला काय जपानी येतंय का, अन् मला काय." हसली. मी हसले न्हाई. म्हणलं, ही मधलं गाळून सांगल, मला कसं कळणार. मग मी ठरवलं, ऐकायचं न्हाई, नुसतं बघायचं. बहिरा मानूस कसा तोंडं बघून वळखतो, तसं.

बघितलं तर त्यात काय घडतच न्हाई. पोरं साळंत येत्यात. दारात एक कपाट हाय, तिथं बूट काढून दुसरे बूट घालत्यात. साळा सुटली की पोरंच फडकं घिऊन वर्ग पुसत्यात, गुडघ्यावर बसून. म्हणलं, "शिपाई न्हाई का?" म्हणली, "तिथं असंच असतंय." एका झाडाची फुलं सारखी गळायलीत, ती मातर कुणी झाडीत न्हाई. ती पोरगी डबा खाती. पोरगं खिडकीतून बघतं. पोरीनं मान वर केली की पोरगं दुसरीकडं बघतं. एक भाग झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात बी तेच.

"हे बोलत कावून न्हाईत एकमेकाला?"

"तेच तर हाय ना, आजे."

"काय तेच?"

"नवव्या भागात बोलतो त्यो. त्याच्या आधी बोलला असता तर खोटं वाटलं असतं."

मला काय कळंना. टीव्हीवरच्या मालिकेत तर पहिल्याच दिवशी धक्का लागतो, वही पडती, वाजंत्री वाजती. ते खोटं हाय हे कुणाला सांगावं लागत न्हाई. म्हणून तर आमी सगळे जेवता जेवता बघतो, लेक बी बघतो. मी नातीला म्हणलं, दुसरं एखादं दाव. तिनं दावलं. त्यात पोरगं पोरीसाठी धावत्या मोटारीपुढं उभं राहिलं, वरून पाऊस. म्हणलं, "बंद कर. जेला एवढं धाडस हाय त्यो साळंत कशाला बसंल."

नात म्हणली, "बघ, तुला बी कळतंय खरं कोणतं अन् खोटं कोणतं."

मला कळत न्हवतं. मी उगं बोलले व्हते.

तिसऱ्या दिवशी पाचवा भाग लावला. साळा सुटल्यावर ती दोघं संगं निघाली. रेल्वेतून उतरून ती घरापस्तोर चालत जाती, पोरगं संगं चालतं. मधी चार हात जागा. पोरीनं काय तरी इचारलं. नात म्हणली, "ती म्हणायली, तुझं घर बी इकडंच हाय का? त्यो म्हणायलाय, हो, मला इकडंच यायचं असतंय." पोरगी घरात गेली. दार लागलं. पोरगं तिथंच थोडं थांबलं, मग मागं फिरलं. सगळा रस्ता पुन्हा चाललं, ठेसनावर आलं अन् उलट्या दिशेच्या गाडीत बसलं.

"थांब," म्हणलं. "मागं घे."

तिनं मागं घेतलं. पुन्हा बघितलं.

"त्याचं घर इकडं न्हाई," म्हणलं.

"न्हाई ना. पण तिला माहीत न्हाई अजून." नातीनं माझ्याकडं बघितलं. "आजे, काय झालं?"

"काय न्हाई. पाणी आण."

त्या पोरीच्या वयाची मी व्हते तवा मोठा दुष्काळ पडलेला. माझं म्हायेर पाली गावाच्या अंगाला. शेतात कुसळ उरलं न्हवतं. सरकारनं तळ्याचं काम काढलं, तिथं मी अन् माझी माय मातीच्या पाट्या वहायचो. खायला सरकारातून मिळायची ती कोरडी सुकडी, अन् लाल जवारीची भाकर, ती घशाखाली उतरायची न्हाई. टाळूवर फडक्याची चुंबळ ठिवून ठिवून केस गेले व्हते माझे तिथले. पाटी भरून डोक्यावर उचलून द्यायला गडी असायचे. त्यात एक पोरगं व्हतं, माझ्याच वयाचं, डोंगराच्या पलीकडच्या वस्तीवरचं. त्याचं नाव मला हजेरी घेताना ऐकू यायचं तेवढंच. त्यो माझी पाटी उचलून द्यायचा तवा दुसरीकडं बघायचा. मला वाटायचं, ह्येला माझा राग हाय. केस गेलेले, अंगावर फाटकं, राग येणारच.

काम सुटलं की आमी आमच्या गावाकडं चालायला लागायचो, दहा-बारा बाया. त्यो बी मागनं यायचा, खांद्यावर मोकळी घागर. म्हणायचा, आमच्या वस्तीची हीर आटली, तुमच्या हिरीवर पाणी भरतो. आमच्या हिरीत तरी कुठं पाणी व्हतं. पायऱ्या उतरून खाली जायचं, वाटीनं खरडून घागरीत घालायचं. तासभर लागायचा एका घागरीला. त्यो बसायचा खरडत. मग भरली घागर खांद्यावर घिऊन डोंगर चढून जायचा. रोज.

एकदा माझ्या मायनं त्येला इचारलं, "काय रं, रोज रोज एवढं पाणी करतूस काय?"

"म्हशीला," त्यो म्हणला.

"म्हैस तर तुझ्या बापानं बाजारात इकली म्हणं."

"मग... वासराला."

बाया हसून हसून खाली बसल्या. एक म्हणली, "वासरू लईच तान्हेलं हाय बाई." मी बी हसले, सगळ्या हसल्या म्हणून. कशाला हसल्या ते मला ठाऊक न्हवतं.

माझ्याशी त्यो आख्ख्या दुष्काळात एकदाच बोलला. म्हणला, "चुंबळीत पाला घालत जा." तेवढंच. मी पाला घातला, टाळू गार राह्यली. मग पाऊस झाला, काम बंद पडलं, माझं लगीन झालं, मी हिकडं आले. इसरून गेले. खरंच इसरले. दिवसच तसे व्हते, एक आठवायचं तर चार कामं राहायची.

पुढं लई वरसांनी, मी इधवा झाल्यावर, म्हायेरी गेलते. भावजयच्या बहिणीकडं बारसं व्हतं, तिनं मला संगं नेलं. वस्तीवर पोचलो तवा मला कळलं ही कोणती वस्ती. तान लागली व्हती. एका म्हातारीनं हिरीतून पोहरा काढून दिला. पाणी गोड व्हतं. मी म्हणलं, दुष्काळात आटली व्हती नव्हं ही? तर म्हातारी म्हणली, "ही? ही कधीच आटली न्हाई बाई. त्या दुष्काळात चार वस्त्या प्याल्या हिच्यावर."

मी पोहरा खाली ठिवला. त्यो कुठं हाय, हाय का न्हाई, काय इचारलं न्हाई. कसं इचारायचं, अन् कोण म्हणून. बारशाचं जेवले अन् आले.

आता ह्ये कुणाला सांगितलं न्हाई मी. मग जपानच्या मानसाला कसं कळलं? मला तेच समजंना. जेनं कुणी ते पोरगं काढलं, त्येनं कुठं बघितलं असंल असं पोरगं? अन् दुसरं मला समजंना ते असं, की त्या पोरीला जर माहीतच न्हाई, तर त्यो एवढं चालतो कशाला. त्येला मिळतंय काय? भरली घागर घिऊन डोंगर चढायचा, घरी पाणी असताना. मी इचार करून करून दमले. ते काय व्हतं, त्येला नाव काय, मला आजबी सांगता यायचं न्हाई. पण ते खरं व्हतं एवढं माझ्या टाळूला कळतं.

मग मला भ्या वाटायला लागलं. खोट्याचं काय, बघावं अन् सोडून द्यावं. पण खरं पोरीच्या मनात उतरलं तर? लेकाला सांगू काय? ह्यात वंगाळ काय न्हाई म्हणू, का ह्ये खरं हाय म्हणून बंद कर म्हणू?

त्या सांजच्याला नात भांडी घासायली व्हती. मी जवळ बसले. म्हणलं, "तुझ्यासंगं येष्टीत कोण असतंय?"

"मैत्रिणी."

"अन् येष्टीतून उतरल्यावर कॉलेजपस्तोर?"

तिचा हात थांबला. मग पुन्हा घासायला लागली. "कोण न्हाई आजे."

"कुणी म्हणतंय का, मला बी इकडंच यायचं हाय?"

"न्हाई."

मी तोंड बघितलं. त्या कार्टूनातल्या पोरांचं मला तीन दिवसांत वाचता यायला लागलं व्हतं. ही माझ्या हातात वाढलेली, हिचं वाचता येईना.

जेवताना लेकानं इचारलं, "बघितलंस का, माय?"

"बघितलं."

"काय हाय त्यात?"

"पोरं साळा पुसत्यात," म्हणलं. "गुडघ्यावर बसून."

"ते न्हाई इचारलं मी."

"पाच भाग झाले. कुणी कुणाच्या अंगाला बोट लावलं न्हाई. चार हात लांबून चालत्यात."

"मग बघत्यात कशाला लोकं?"

"तेच मी इचार करायली."

लेकानं भाकरीचा तुकडा मोडला. नात चुलीकडं तोंड करून उभी व्हती, तिची पाठ हालत न्हवती. सून कालवण वाढायचं इसरून पळी घिऊन बसली व्हती.

"एक सांग," लेक म्हणला. "चांगलं का वंगाळ?"

मी म्हणलं, "मला न्हाई कळलं. पण पोरीची येष्टी बंद करू नको. त्येचा अन् ह्येचा संबंध न्हाई. मी तिच्या वयात पाट्या वाहिल्या, तिला बसू दे वर्गात."

त्येनं मोडलेला तुकडा ताटात ठिवला. मग म्हणला, "पाव्हण्यांना नको म्हणून कळवतो. कॉलेजला जाऊ दे. पण मोबाईल संगं न्यायचा न्हाई. तिकडं असंस्तोवर तुझ्यापाशी ठिवायचा."

नात वळली. तिला आनंद झाला का राग आला, दोन्ही तोंडावर व्हतं.

तवापसून रोज सकाळी ती येष्टीला पळायच्या आधी मोबाईल माझ्या हातात देती. म्हणती, "आजे, कुठं दाबू नको." मी दाबत न्हाई. पदरात गुंडाळून वसरीवर बसते.

परवा बसल्या बसल्या त्यात आपोआप उजेड झाला. टिंग करून वाजलं, वर दोन वळी अक्षरं आली. इतकी बारीक, की मराठी व्हती का इंग्रजी, तेबी मला सांगता यायचं न्हाई. पुन्हा वाजलं. लेक गोठ्यातून येत व्हता, म्हणला, "काय वाजलं, माय?"

"काय न्हाई," म्हणलं, अन् मोबाईल मांडीखाली सारला.

दुपारी नात आली, तिच्या हातात दिला. तिनं वाचलं, अन् आत गेली. कुणाचं व्हतं ते मी इचारलं न्हाई. इचारायला पायजे व्हतं का, ते अजून ठरंना.