कन्हानच्या शाळेची दक्षिण बाजू

दीप्ती रंगारी कन्हानला राहते आणि शहरात सदर भागातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. वय चौतीस. वडील कोळसा खाणीत पंपावर होते, आता घरीच असतात. आयटीआयमध्ये ती अर्धं वर्ष बोर्डावर पेन्सिलीने शिकली आणि पुढचं सगळं कॉम्प्युटरवर. नोकरीला बारा वर्षं झाली. ऑफिसात तिची ओळख एका कामासाठी आहे: तुटक्या ड्रॉइंगची साफसफाई.

हे काम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मोजणीवाल्याकडून जागेचं ड्रॉइंग येतं, त्यात कंपाउंडची एक सरळ रेघ दिसते. तिच्यावर क्लिक केलं की कळतं, ती नऊ तुकड्यांची आहे. काही तुकडे एकमेकांना टेकलेले, काही केसभर मागे राहिलेले, काही एकावर एक चढलेले. तुकडे सुटे असेपर्यंत कॉम्प्युटर क्षेत्रफळ देत नाही, कारण त्याच्या लेखी ती हद्द बंदच झालेली नसते. मग जादा तुकडे पुसायचे, लांबलेले छाटायचे, आखूड राहिलेले पुढच्या रेघेपर्यंत ओढायचे आणि शेवटी सगळे निवडून जॉईन करायचे. दीप्तीचा हात यात इतका बसला होता की दुसऱ्याला अर्धा दिवस लागणारं ड्रॉइंग ती चहाच्या आधी संपवायची.

दोन वर्षांपूर्वी कन्हानच्याच एका खाजगी शाळेचं काम ऑफिसला आलं. तारेचं कुंपण काढून पक्की भिंत घालायची होती. मोजणी रुपराव नावाच्या सर्व्हेअरने केली. त्याचं ड्रॉइंग नेहमीसारखंच तुकड्यातुकड्यांत आलं. दक्षिणेची बाजू चौदा तुकड्यांची होती. दीप्तीने ते सगळे एकदम निवडले आणि जॉईन केले. तुकडे एकाच सरळ रेषेत असले, की मधली फट केवढीही असो, ही कमांड ती भरून टाकते. दीप्तीला हे माहीत होतं. त्या दिवशी तिने स्क्रीनवर फट मोठी करून पाहिली नाही, एवढंच. क्षेत्रफळ आलं, ऑफिसचे मालक गौरांग यांनी सही केली आणि नकाशा शाळेला गेला.

भिंत झाली. पुढे दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी, शेजारच्या पंचफुलाबाई दीप्तीच्या आईजवळ बसल्या होत्या. त्या त्याच शाळेत खिचडी शिजवायला जात. बोलता बोलता म्हणाल्या की आता घरून पंधरा मिनिटं आधी निघावं लागतं.

"काहून?" दीप्तीने विचारलं.

"मागची वाट बंद केली न वं. तार होती तवा तिथून वाट होती, आमची सारी वस्ती तिथूनच जाये. आता पूर्ण फिरून जा लागते. मिस्त्री म्हणे, नकाशात तसंच हाय."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर दीप्तीने रुपरावची मूळ फाईल काढली आणि तिच्यावर आपली ठेवून पाहिली. दक्षिणेला सातव्या आणि आठव्या तुकड्यांमध्ये चार फुटांची मोकळी जागा होती. तिच्या फाईलमध्ये तिथून रेघ सरळ गेली होती. तिने रुपरावला फोन केला. त्याने आपली वही पाहून सांगितलं की वहीत तिथे 'वाट' असं लिहिलेलं आहे, ड्रॉइंगमध्ये टाकायचं राहून गेलं. अर्धी चूक माझी समज, असंही तो म्हणाला. दीप्तीला तेवढ्याने बरं वाटलं नाही.

गौरांगना तिने त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या आणि शाळेकडून काही तक्रार आली का, ते विचारलं. तक्रार नव्हती. मग राहू दे, म्हणाले. ते रागावले नाहीत, हे दीप्तीला जास्त लागलं. पुढचे चार दिवस तिने काम केलं, पण प्रत्येक ड्रॉइंग दोनदा तपासलं, आणि त्यात एकही चूक निघाली नाही.

शनिवारी ती दोन्ही नकाशांचे प्रिंट घेऊन शाळेत गेली. संस्थेचे सचिव वामनराव सत्तरीचे होते. त्यांनी ऐकून घेतलं. भिंत त्यांना आवडली होती. गुरं आत येणं बंद झालं होतं. वाट बंद झाल्याचं त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं, पण आर्किटेक्टने विचार करूनच तसं केलं असेल, असं ते समजले.

"विचार करून नाही झालं, सर," दीप्ती म्हणाली. "माझ्या हातून रेघ जुळून गेली."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"आधी मलेच माहीत नव्हतं."

वामनरावांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. नंतर म्हणाले, संस्थेच्या बैठकीत विषय ठेवतो.

बैठकीत काय झालं ते दीप्तीला कळलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेने भिंतीचा तेवढा भाग पाडून तिथे लोखंडी फाटक बसवलं. शाळा भरायच्या आधी उघडायचं, सुटल्यावर कुलूप लावायचं. किल्ली पंचफुलाबाईंकडे आली. त्यामुळे त्या खूश नव्हत्या. रोज सगळ्यांच्या आधी जावं लागे, आणि रविवारी वस्तीतले लोक किल्ली मागायला दारात येत. दीप्तीने त्यांना सगळं सांगून टाकलं.

"तुयानं झालं होतं काय ते? मले वाटलं मिस्त्रीनं केलं." मग त्यांनी विचारलं की किल्ली दुसऱ्या कोणाकडे देता येईल का, तेवढं शाळेत बोलून पाहशील का. दीप्तीने बोलून पाहिलं. झालं नाही.

तेव्हापासून ती जॉईन करण्याआधी प्रत्येक फट मोठी करून पाहते आणि शंका आली की मोजणीवाल्याला फोन लावते. ऑफिसात तिचं काम आता सगळ्यांत लवकर होत नाही. गौरांग एकदोनदा तसं बोललेही. रुपराव फटीजवळ 'फाटक', 'पडकी भिंत' असे शब्द टाकू लागला आहे, पण नेहमी नाही.

गेल्या महिन्यात शहरातल्या महाल भागातल्या एका घराचं ड्रॉइंग आलं. मागच्या बाजूला दोन फुटांची फट होती आणि जवळ काहीच लिहिलेलं नव्हतं. रुपरावचा फोन लागेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत दीप्ती स्कुटीने तिकडे गेली. घरमालकाने तिला मागे नेलं. भिंत सलग होती. तिच्यापुढे पाण्याच्या टाक्या रचून ठेवल्या होत्या, त्यामुळे तेवढा भाग मोजता आला नसावा. तिने हाताने चाचपून पाहिलं, घरमालकाचे आभार मानले आणि ऑफिसात येऊन ती रेघ जोडली.