ऊलायूचे यजमान पाण्याची गाडी चालवतात

…आणि केटली गेली ती गेलीच. बर्फाच्या भेगेतून गडप, थेट समुद्राच्या तळाला. काल इथवर झालं होतं, मग चहा आला आणि गोष्ट अर्धी राहिली. तर केटली होती म्हाताऱ्या कूपाकची, पाडली नासुकनं, आणि कूपाक अजून तिचा पिच्छा सोडत नाही. परवा दुकानाच्या दारातसुद्धा त्यानं तिला अडवलंच.

"काय गड्या, माझी केटली सापडली का?"

"नाही कूपाक. चुकलंच माझं. पुन्हा नाही होणार," नासुक खाली मान घालून म्हणाली.

आता गंमत बघा. नासुक आहे एकतीस वर्षांची आणि केटली बुडून झाली पन्नासाच्या वर. ती पाडली थोरल्या नासुकनं. तो वारला, तीन महिन्यांनी ही जन्मली, आणि त्याच्या बायकोनं, ऊलायूनं, त्याचं नाव हिला दिलं. नाव बाईचं की बुवाचं, असलं आमच्या या उत्तरेच्या, बर्फातल्या बॅफिन बेटावर कोणी विचारत नाही. पण नाव एकटं येत नाही. बरोबर सगळी नातीगोती येतात, मान येतो, आणि बुडवलेल्या केटल्याही येतात.

म्हणजे आईच्या पार्क्याच्या, म्हणजे केसाळ कातडी कोटाच्या, टोपीत गुंडाळलेल्या त्या पोरीला पहिल्याच दिवशी सत्तेचाळीस वर्षांची बायको होती आणि लग्नाला आलेला मुलगा होता. मुलाचं नाव मोसेसी. तो तिला "बाबा" म्हणायचा, अजून म्हणतो, आणि आता स्वतः साठीला टेकलाय. बर्फावरची गाडी घ्यायची तेव्हा तो रीतसर विचारायला आला होता, "बाबा, निळी घेऊ का लाल?" बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते. नाकातलं बोट काढून म्हणाले, "लाल." मोसेसीनं लाल घेतली.

आईची पंचाईत आणखी वेगळी. थोरला नासुक तिचा सख्खा मामा. त्यामुळं पोटच्या पोरीला ती "मामा" म्हणायची, आणि मामाला रागवायचं कसं? त्या घरावरून जाताना ऐकू यायचं, "मामा, तेवढी ताटली उचलता का? आणि जरा नाक पुसा."

ऊलायूचं मात्र कसं, सगळं सरळ होतं. ती हिला "अहो" म्हणायची. पहिल्या हिवाळ्यात तिनं यजमानांना पार्का शिवला तो हातमोज्याएवढा होता. पुढं दर वर्षी एक. सील कापला की गरम काळीज आधी यजमानांसमोर. "अहो, घ्या ना, गार होतंय." आणि पाच वर्षांचे यजमान मांडी घालून बसायचे, तोंड रंगवून घ्यायचे आणि हुकूम सोडायचे, "ऊलायू, अजून दे."

पुढं नासुकचं लग्न ठरलं. जोनासी नावाचा मुलगा, स्वभावानं गरीब. ऊलायूनं त्याला समोर बसवून डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. तेव्हा तिची नजर शाबूत होती.

"माझा नवरा नेतोयस, ने बापडा," ती म्हणाली. "पण सकाळी उठल्या उठल्या त्यांना चहा लागतो. आणि पाय गार पडतात त्यांचे. आबाळ झालेली मला खपणार नाही."

जोनासी अजून रोज सकाळी चहा करतो.

एकाच बाबतीत नासुक नावाला जागली नाही. थोरला नासुक पट्टीचा शिकारी. हिचं मात्र होडीत पाय ठेवला की मळमळून तोंड हिरवं होतं. एक सील म्हणून मारला नाही. ती चालवते गावाच्या पाण्याची गाडी. ज्या घरावर लाल दिवा लागला तिथली टाकी रिकामी. गाडी मागं घ्यायची, जाड पाइप खांद्यावर घ्यायचा, तोटी गोठली असेल तर गरम पाणी ओतून सोडवायची, आणि टाकी भरायची. कूपाक पायरीवर बसून बघतो आणि म्हणतो, "एक केटली समुद्राला दिलीस, आता बस जन्मभर पाणी भरत."

मागच्या वर्षी दक्षिणेकडून एक बाई आल्या होत्या, गावातल्या माणसांची मनं ठीक आहेत का ते बघायला. हातात प्रश्नांचा कागद. त्यांनी नासुकला विचारलं, "तुम्हाला कधी एकटं वाटतं का?"

नासुकनं बराच विचार केला. "कधी वाटणार? नवरा आहे, बायको आहे, माझ्याहून म्हातारा मुलगा आहे, आईची मी मामा आहे. मोरीत गेले तरी कोणीतरी दार वाजवतं."

बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला. एवढं लिहायला त्यात जागा नव्हती.

तर या हिवाळ्यात ऊलायूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिच्यासारखं शिवणारं या किनाऱ्यावर दुसरं कोणी नाही, आणि सुईत दोरा जाईना. यंदाच्या पार्क्याची उजवी बाही उलटी बसली. नासुकनं ती तशीच मिरवली. हसायची कोणाची छाती झाली नाही. फिरतीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, साधं ऑपरेशन आहे, विमानानं दक्षिणेला जायचं, आठवड्यात परत. फार दिवस काढले तर मात्र अवघड होईल.

ऊलायू म्हणाली, "घरातून परवानगी नाही."

सगळे मोसेसीवर तुटून पडले. तो बिचारा रडकुंडीला आला. "मी कधी नको म्हटलं? मी तर तिची बॅगसुद्धा भरून ठेवलीय!" पाद्री समजावून गेले. कूपाक गेला, म्हणाला, "मी बघ डोळे करून आलो. आता तुझी एकेक सुरकुती दिसते."

"मग मुद्दाम करून यायचे कशाला?" ऊलायूनं त्याला वाटेला लावलं.

मग एके दिवशी नासुक तिच्याकडं पाणी भरायला गेली. पाइप लावला आणि नेहमीप्रमाणं चहाला आत बसली. ऊलायूनं चहा ओतला तो कपाच्या शेजारी, टेबलावर. ओतत राहिली. नासुकनं हळूच कप सरकवून धारेखाली धरला आणि तिला राहवेना.

"ऊलायू, जात का नाहीस तू? कोण अडवतंय तुला?"

"अहो, असं काय करता? तुम्हीच की!"

"मी?"

"विसरलात ना? मला वाटलंच." आणि मग म्हातारीनं सांगितलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात सरकारी डॉक्टरांचं जहाज आलं. छातीचा फोटो काढायला म्हणून नासुक जहाजावर चढला, तो खाली उतरलाच नाही. छातीत क्षय निघाला, तसाच दक्षिणेला घेऊन गेले. ना निरोप, ना चिठ्ठी. ऊलायू दोन उन्हाळे किनाऱ्यावर बसली. तिसऱ्या उन्हाळ्यात तो परत आला, अंगानं निम्मा, कच्चं मांस खायचं विसरलेला. आल्या आल्या म्हणाला, "तिकडं तू कधी जायचं नाहीस. मी सांगेन तेव्हाच."

"मग सांगितलं कुठं तुम्ही?" ऊलायू म्हणाली. "मी वाटच बघतेय."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं. टाकी केव्हाच भरून वाहत होती आणि ऊलायूच्या पायऱ्यांची घसरगुंडी झाली होती.

आता वाटेल, त्यात काय एवढं, "जा" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण आठ दिवस नासुकच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. आपण जा म्हणायचं आणि म्हातारीला तिकडं काही झालं तर? हा अधिकार आपला खरंच आहे, की लहानपणापासून काळजाचे तुकडे फुकटच खाल्ले? शिवाय दवाखान्याचा वास आला की ती दारातूनच माघारी फिरते, तीही लहानपणापासून, काही कारण नसताना. त्या आठवड्यात तिनं भरलेल्या टाक्या पुन्हा भरल्या आणि रिकाम्या तशाच सोडल्या. तीन घरांनी ताटल्या बर्फ वितळवून धुतल्या.

शेवटी कूपाक तिच्या गाडीत चढून शेजारी बसला. तिला वाटलं, आता केटली.

"ती केटली का पडली ठाऊक आहे?" कूपाक म्हणाला. "जहाजावरून परत आलास ना, त्या वर्षी तुझे हात थरथरायचे. काही म्हणून धरता यायचं नाही. हातांवरून तुला कसं चिडवणार? म्हणून केटलीवरून चिडवत आलो."

नासुक समोरची काच पुसायला लागली, ती स्वच्छच होती.

"तुझं घाबरणं जुनंच आहे, गड्या," कूपाक म्हणाला. "पण पुढच्या वर्षी केटली तूच धरलीस. नवी. पाडली नाहीस." आणि उतरता उतरता, "माझ्या घरचा दिवा तीन दिवस लाल आहे, तेवढं बघ."

आधी कूपाकचं पाणी भरलं, मग नासुक थेट ऊलायूकडं गेली. अंगावर तोच उलट्या बाहीचा पार्का.

"ऊलायू, ते… म्हणजे… जायला तशी हरकत नाही."

"काय? ऐकू नाही आलं."

"जा म्हणतेय."

"हे काय सांगणं झालं? माझे यजमान बोलले की बाहेरची कुत्री उठून बसायची."

नासुकनं दीर्घ श्वास घेतला. "जा! डोळे करून ये!"

बाहेर मोसेसीची कुत्री भुंकायला लागली. ऊलायूचा चेहरा असा फुलला, की बघत राहावं.

"बरं बाई, बरं. जाते. ओरडता कशाला एवढं?" मग तिनं चाचपडत नासुकची बाही धरली, नेमकी उलटी. "पण तुम्ही येणार ना बरोबर? मागच्या वेळी एकटेच गेलात."

नासुकचं तोंड हिरवं झालं. होडी नाही, समुद्र नाही, तरी झालं. पण बाही काही तिनं सोडवून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मोसेसीसकट तिघं दवाखान्यात गेली. नर्सबाई नवीन, दक्षिणेकडच्या, येऊन सहा आठवडे झालेले. रोग्याबरोबर एकच माणूस जाऊ शकतं आणि ते घरचंच हवं, असा नियम.

"मुलगा जातोय ना?" त्यांनी मोसेसीकडं बघितलं.

"मी नाही," मोसेसी म्हणाला. "बाबा जातायत."

नर्सबाईंनी दाराकडं बघितलं. बाबा काही आत येईनात. मग त्यांच्या लक्षात आलं, की सगळे त्या पाण्याच्या गाडीवाल्या पोरीकडं बघतायत. त्यांनी पेन उचललं.

"तुमचं यांच्याशी नातं काय लिहू? नात? शेजारीण?"

नासुकनं उलटी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, "नवरा लिहा. मागच्या वेळी एकटाच गेलो होतो, या वेळी दोघं जातोय. आणि खिडकीची जागा जाताना मला द्या, मला विमान लागेल. येताना तिला द्या, तेव्हा तिला दिसत असेल."