घरटी एक माणूस

पहिलं महायुद्ध कशामुळे पेटलं हे मला माझ्या नातीने शिकवलं. मी चौथी शिकलोय, तीही पुरी नाही. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं, त्यावर मुलाला इंजिनिअर केला, आणि म्हातारपणी त्याच्यामागे इथे मेलबर्नला, डँडेनॉन्गला येऊन राहिलो. मला कुणी शिकवायला लागलं की आधी माझी मान ताठ होते. नातीची गोष्ट वेगळी.

ती नववीत आहे. इतिहासाच्या बाईंनी प्रत्येकाला वर्गापुढे उभं राहून बोलायला सांगितलं होतं. युद्ध का झालं, आणि आपल्या घरातलं कुणी त्यात होतं का. शाळेतून आली की ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि मी समोर शेंगा सोलत बसायचो.

"एका राजपुत्राला गोळी घातली, म्हणून सगळं जग लढलं?" मी विचारलं.

"तसं नाही, आबा. याने त्याला प्रॉमिस केलेलं, त्याने तिसऱ्याला. सगळ्यांनी आधीपासून गन्स जमवून ठेवलेल्या. मग दोघं भांडले की सगळे इन."

"म्हणजे भावकी."

"व्हॉट्स भावकी?"

"एकाच्या बांधावरनं भांडण आणि काठ्या घेऊन चाळीस जण. डोकी दुसऱ्यांची फुटतात. ज्याचा बांध, तो घरात बसून भाकरी खातो."

ती हसली. "आबा, कॅन आय यूज दॅट?"

मला बरं वाटलं. त्या भरात मी छाती काढून आमच्या घरातलंही सांगितलं.

आमच्या गावात चावडीजवळ इंग्रजांनी बसवलेला एक दगड आहे. या गावातनं इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली तीन मेली, एवढंच त्यावर कोरलंय. नावं नाहीत. दसऱ्याला त्या दगडापुढे नारळ फुटतो आणि तो फोडायचा मान आमच्या घराचा, कारण माझा आजा इराकात बसऱ्याच्या लढाईवर जाऊन आला होता. त्याला मिळालेला सरकारी बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात असायचा. वाटण्या झाल्या तेव्हा मी चांगली विहीर भावाला सोडली, पण बिल्ला सोडला नाही. इथे एप्रिलात सैनिकांच्या स्मरणाला लोक पहाटेचे जमतात, तेव्हा मी तो कोटावर उजव्या बाजूला लावून जातो. शेजारचा गोरा म्हातारा हात दाबून म्हणतो, "गुड ऑन यू, मेट."

नातीने बिल्ला हातात घेतला. त्याच्या कडेवर बारीक अक्षरं आहेत. मोबाईलने फोटो मोठा करून तिने ती वाचली, नंबर आणि माझ्या आजाचं नाव. मग लॅपटॉपवर कसलीशी यादी काढली.

"आबा, सापडला! नाव, त्याच्या बाबांचं नाव, गाव, सगळं मॅच होतंय!"

मग तिने यादीचा मथळा वाचला.

"पण ही तर मेलेल्यांची लिस्ट आहे. हा बसऱ्यातच मेला. आणि तुमचे बाबा तर वॉरनंतर जन्मले ना?"

"सरकारचं चुकलं असेल."

"मग मेडलवर—"

"शेंगा खा."

दोन दिवस मी हेका सोडला नाही. सरकारचं चुकलं, झालं. दुसऱ्या दिवशी जेवताना मुलगा तिला म्हणाला, "आबा सांगतात तेच लिही. घरच्यांनी सांगितलेलंही सोर्सच असतं."

"बाबा, मी वर्गात उभी राहून खोटं बोलू?"

"खोटं आहे असं कोण म्हणालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलगाही बघायला लागला. आजाची ही गोष्ट तोही ऑफिसात सांगतो. मी ताटावरनं उठलो.

मला सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा नारळ माझ्या हातात आला, त्या दसऱ्याला वडिलांनी मला मळ्यात नेऊन सांगितलं होतं, आणि कुणापुढे बोलायचं नाही म्हणून विहिरीवर शपथ घातली होती. मी ती पन्नास वर्षं पाळली.

तिसऱ्या दिवशी नातीला समोर बसवलं. मुलगा घरूनच काम करत होता, तोही येऊन दारात उभा राहिला.

"तुझं युद्ध आमच्या गावात कसं आलं ते सांगतो," मी म्हणालो. "मामलेदाराने पाटलाला सांगितलं, पाटलाने मोठ्या घरांना सांगितलं. घरटी एक माणूस. आमच्या घरातनं माझ्या आजाचं नाव गेलं. नुकतं लग्न झालेलं त्याचं. आमच्याकडे एक गडी होता, बायको आणि एक पोर असलेला. त्याला उभा केला, आजाचं नाव सांगायला लावलं. तो गेला. आजा मळ्यात लपला. वर्षाने मेल्याचा कागद आला आणि मागनं बिल्ला आला. आजा पुढे म्हातारा होऊन मेला, पण सरकारात तो आधीच मेलेला. जमीन कधी त्याच्या नावावर लागली नाही."

"आणि गावातल्या लोकांना कळलं नाही?"

"सगळ्यांना कळलं होतं. बोललं कोणी नाही."

"आबा, एवढी वर्षं?" मुलगा दारातनं म्हणाला आणि आत निघून गेला.

नातीने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी, लाज काढेल. मी तयार होतो. पण तिने एवढंच विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

वडिलांनी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

गावाकडे चुलत भावाला फोन लावला. तो माझ्याहून मोठा, आता नारळ तोच फोडतो.

"आजाच्या जागी गेलेल्या गड्याचं नाव काय रे, दादा?"

"तिकडं जाऊन डोकं फिरलं का तुझं? कोण गडी?"

"तुला ठाऊक आहे कोण."

"शंभर वर्षांवर होऊन गेलं. घराचा मान घालवतोस?"

"मी नाव विचारतोय."

"त्याची बायको पोरगी घेऊन माहेरी गेली. आता कुठलं माहेर आणि कुठलं काय! नाव मलाही नाही माहीत. असतं तरी सांगितलं नसतं." त्याने फोन ठेवला.

बोलायच्या दिवशी नात बिल्ला न घेताच शाळेत गेली. मी घे म्हणालोही नव्हतो. दिवसभर टीव्ही लावला नाही. मुलगा चार दिवस कामापुरतं बोलत होता.

चारला ती आली. बॅग टाकली, फ्रिजमधून दूध काढलं.

"काय म्हणाल्या बाई?"

"गुड म्हणाल्या. भावकी सगळ्यांना आवडली." दूध पिऊन तिने ग्लास विसळला. "एका मुलीने विचारलं, त्याचं नाव काय होतं."

"मग?"

"मी म्हटलं, ते आम्ही विसरलो."

माझे आजोबा विसरले, असं ती म्हणाली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिने स्वतःलाही त्यात धरलं. तिने बॅग उचलली आणि वरच्या खोलीत गेली. मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो.