मशीनवरचे चार थेंब

मशीनचं हेड उलटं धरून मी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले. ते तसेच बसून राहिले. मशीन चालू होतं. हिरवा दिवा लागलेला, टायमर टिकटिकत होता. मी पॉवर वाढवली. थेंब ढिम्म हलेनात.

फिजिओथेरपीत अल्ट्रासाऊंड नावाचं मशीन असतं. पोटातलं बाळ बघायचं ते नव्हे. याच्या हेडमधून, म्हणजे अंगावर फिरवायच्या दांड्याच्या टोकातून, आवाजाच्या लहरी निघतात, आपल्याला ऐकू न येणाऱ्या. आखडलेला सांधा त्याने जरा सैल पडतो, मग व्यायाम द्यायचा. हेड चांगलं असेल तर त्यावरचं पाणी थरथरतं. कॉलेजात पहिल्याच प्रॅक्टिकलला ही परीक्षा शिकवतात. मी ती नोकरीच्या सहाव्या आठवड्यात केली.

पहिलीच नोकरी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत मला ‘मालिश शिकलेली पोरगी’ म्हणत. आठ महिने मी दवाखान्यांचे उंबरे झिजवले. शेवटी पीण्याच्या कारखानी वस्तीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ठेवून घेतलं. माझे वडील, अण्णा, म्हणाले, “पदरी पडलं पवित्र झालं. आता तोंड स्वल्प कमी चालव.” मी इतकं कमी चालवलं की विचारू नका.

पहिल्या दिवशी बाकावर बारा पेशंट. डॉक्टर म्हणाले, “दहा मिनिटं मशीन, नेक्स्ट. व्यायाम घरी करायला सांगा. इथे आरडाओरडा नको.” आता नव्या मुलीने डॉक्टरांच्या मशीनवर पाणी टाकून बघायचं? माझी छाती झाली नाही.

त्या बाराजणांत शिवण्णा होता. फॅक्टरीत लोखंड कातायची लेथ चालवायचा. उजव्या हाताची बोटं चेंगरून मोडली होती, प्लास्टर नुकतं निघालं होतं. फॅक्टरीने त्याची जागा दोन महिने राखून ठेवली होती. मग सुपरवायझर बघणार, मूठ वळते का, लेथची जड चावी धरता येते का. प्लास्टरनंतरचे पहिले आठवडे फार मोलाचे. दुखलं तरी बोटं वळवायची, नाहीतर सांधे धरतात ते धरतातच. मी रोज विचारायचे, “घरी व्यायाम करताय ना?”

तो हसायचा. “दुखतं अक्का. मशीन आहे की! कसं गरम लागतं बघा.”

आणि मी मशीन लावायचे. त्याचा मशीनवर विश्वास, माझाही. सहाव्या आठवड्यात त्याला मूठ मिटायला सांगितली. बोटं तळव्यापासून दोन इंचांवर थांबली. अगं बाई! तो गेल्यावर मी पाणी घेऊन आले.

तशीच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. “सर, हेड बंद आहे.”

“ठाऊक आहे. तुम्ही यायच्या आधीपासून.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“लाइट लागतो, टायमर वाजतो, पेशंट खूष. आणि मॅडम, मशीन तपासणं कोणाचं काम? सर्टिफिकेट कोणाकडे आहे?”

मेल्याचं म्हणणं खरं होतं. आजही तेच डाचतं.

उरलेले दिवस मी मशीन बाजूला सारलं. गरम पाण्यात हात बुडवायचा आणि एकेक बोट धरून वळवायचं. शिवण्णा अय्यो अय्यो करून ओरडायचा. बाकावरचे पेशंट आत डोकावायचे. डॉक्टरही एकदा दारात येऊन उभे राहिले. मी वर बघितलंच नाही. दोन इंचांचं अंतर एकावर आलं आणि तिथेच अडलं. मशीन का बंद केलं, हे मात्र त्याला सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगीन. मग ते आठ महिने आठवायचे.

सुपरवायझरने बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. चावी दोनदा हातातून पडली, म्हणाला. लेथ दुसऱ्याला दिली. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो स्टुलावर बसला आणि हात पुढे केला.

“अक्का, तुम्ही मशीन बंद केलंत ना, तिथेच बिघडलं. आज लावा.”

मी तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलाशी डॉक्टर बसले होते. मी जेल लावलं, बटण दाबलं आणि दहा मिनिटं ते मेलेलं हेड त्याच्या हातावर फिरवत राहिले.

“सरी, बरोबर,” तो म्हणाला. “आता गरम लागतंय.”

तो परत आला नाही. मी तिथे आणखी वर्षभर नोकरी केली, हेही सांगूनच टाकते.

आता माझ्याकडे नव्या मुली शिकायला येतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात पेलाभर पाणी देते. मशीन कोणाचं आहे ते बघू नका, आधी पाणी टाका. आणि थेंब हलला नाही, तर पेशंटला त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी सांगणं जमत नाही.