घोट्याची जखम आणि आतली शीर

"मलमानं हे भरायचं नाही, भाऊ. जखम वर दिसते, बिघाड आत शिरेत आहे," नांदेडचे सर्जन म्हणाले. त्यांनी मला झोपवलं नाही, उभं केलं आणि पोटरीवरच्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा पाहिल्या. चार वर्षांत जखमेच्या वर कुणाची नजर गेली नव्हती. माझीही नाही.

आखाडा बाळापुरात माझं सलून आहे. सव्वीस वर्षं उभ्यानं काम. संध्याकाळी पाय सुजायचा. घोट्याजवळची कातडी काळी पडली, खाजायची. खाजवून एक फोड आला, तो भरलाच नाही. मलमं झाली, झाडपाला झाला. साखर तपासली, ती बराबर निघाली. जखम मात्र तळहाताएवढी झाली. वासानं गिऱ्हाईक खुर्चीत तोंड फिरवायचं. दर पंधरवड्याला येणारे एक गुरुजी समोरच्या सलूनमध्ये जायला लागले. ते मला जखमेपेक्षा जास्त लागलं.

सर्जनला माझ्या बायकोनं, सुनीतानं, सरळच विचारलं, "पाय कापावा लागतो का साहेब? खरं सांगा."

"काहून कापायचा?" ते हसले. "शीर दुरुस्त करू, पाय राहील."

कलर डॉपलर केली, म्हणजे शिरांची सोनोग्राफी. शिरांमध्ये बारीक झडपा असतात. त्या रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. माझ्या निकामी झाल्या होत्या. रक्त घोट्याशी साचून कातडी फुटली होती. याला व्हेनस अल्सर म्हणतात.

पायाची नाडी तपासून आधी तीन आठवडे दाबपट्टी बांधली. ही पट्टी तुम्ही मनानं बांधू नका. धमनीत अडथळा असला तर उलटं नुकसान होतं.

मग ऑपरेशन. कंबरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर केला आणि लेझरनं बिघडलेली शीर आतून बंद केली. "मग रक्त जाईल कुठून?" मी घाबरून विचारलं. खोलवरच्या शिरा चांगल्या आहेत, त्या काम करतील, असं डॉक्टर म्हणाले. त्याच वेळी मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावली. हे स्किन ग्राफ्ट. खरं सांगतो, नंतर जखमेपेक्षा मांडीच जास्त दुखली.

पाचव्या दिवशी सिस्टरनं पट्टी भिजवून हळूहळू सोडली. मी खिडकीकडं तोंड केलं होतं.

"अहो, बघा की इकडं," सुनीता म्हणाली. "गुलाबी झालंय."

एका कडेला रुपयाएवढ्या जागेत मात्र लावलेली कातडी धरली नव्हती. ती भरायला दोन महिने लागले.

आता मी उंच स्टुलावर बसून दाढी करतो, मधेमधे चालतो, दिवसभर दाबाचे मोजे घालतो. जखम पुन्हा होऊ शकते, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. तुमचाही घोटा काळा पडून राहिला असेल, तर फोड यायची वाट पाहू नका.

गेल्या महिन्यात सिद्धेश्वर गावी बहिणीकडं गेलो. जखम झाल्यापासून मी तिच्या दारात कधी पाय उघडे केले नव्हते. तिनं सवयीनं दारात पाय धुवायला पाणी ठेवलं आणि एकदम ओशाळून तांब्या उचलायला लागली.

"राहू दे, अक्का," मी म्हणालो. पायरीवर बसलो, मोजे काढले आणि दोन्ही पाय पुढं केले.

पाणी तिनंच ओतलं.