टोरंटो येईपर्यंतचा केर

आगरदांड्याच्या जेट्टीवरून बोट सुटली तेव्हा माझ्या शेजारी दोन स्कूटर आणि एक वैतागलेली बकरी होती. खाडी रुंद दिसते, पण माझे चार फोटो काढून होईतो पलीकडचं दिघी आलंसुद्धा.

दिघीत सुगंधाताईंच्या घरी मी एक खोली घेतली होती. दारातच माझं डोकं फिरलं. ओटीवर शेंगांची टरफलं, आत फुटक्या फुग्यांचे तुकडे आणि जिकडेतिकडे चपलांबरोबर आलेली वाळू. केर दिसला की मला गप्प बसवत नाही. कोपऱ्यातली केरसुणी मी उचललीच.

"हात नका लावू, ताई!" सुगंधाताई धावत आल्या. "पोरगी वाटेत हाय."

त्यांची प्रणाली नर्स. त्याच सकाळी ती नोकरीसाठी मुंबईहून टोरंटोला निघाली होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. घरचं माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही रीत मलाही ठाऊक होती. पण ती रीत, माणूस माणगावच्या बाजाराला जायचं तेव्हाची! मी मोबाइलवर पाहिलं. साडेबारा हजार किलोमीटर. दुबईत विमान बदलून, सगळं धरून वीस तास.

"म्हणजे उद्या सकाळपर्यंत हे असंच?"

"व्हय," त्या शांतपणे म्हणाल्या.

तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी खात होतो, तेवढ्यात निरोप आला. प्रणाली दुबईत उतरली होती.

"चला, निम्मं घर तरी झाडू," मी म्हणाले.

"निम्मी वाट झाली काय?"

खोटं बोलवेना. "नाही हो. जेमतेम दोन हजार झाले."

"मंग ओटीपुरतंबी न्हाय व्हत." त्या खळखळून हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "दुसरं इमान चुकलं तर? माझी पोर कुनाला इचारायला पन लाजते."

मी आणखी एक भाकरी मागून घेतली. रात्री आम्ही दोघी टरफलं चुकवत अंथरुणाशी पोचलो.

सकाळी जाग आली ती केरसुणीच्या आवाजाने. सुगंधाताई पदर खोचून झाडत होत्या. "पोचली! लई थंडी हाय म्हनते!" मला इतका आनंद झाला की तोंडही न धुता मी खराटा घेऊन अंगणात उतरले.

नाश्ता करून निघाले. "पोचलात की फोन करा," त्या म्हणाल्या. सगळेच म्हणतात तसं, असं मला वाटलं. माणगाव, मग ताम्हिणीचा घाट करत पुण्याला आले. आंघोळ, चहा, आणि पाय पसरून आराम. ऊन उतरलं तेव्हा फोन वाजला.

"ताई, अजून वाटेतच हाव काय?"

"छे, केव्हाच आले. का हो?"

"अवो, मंग सांगायचं न्हाय! दिवेलागण झाली की झाडता येत न्हाय. कधीची केरसुणी घेऊन बसलेय."

एका रात्रीचं भाडं दिलेली पाहुणी मी!

"पोचले, सुगंधाताई. झाडा आता."

त्यांनी फोन तसाच ओटीवर ठेवला असावा. पलीकडून केरसुणीचा आवाज येऊ लागला, आणि ओटी झाडून होईपर्यंत मी काही फोन ठेवला नाही.