ताटलीतले राजे

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर मी एकदम गप्प झाले आणि फोन तुमच्या आईकडे द्यायला सांगितला. तुम्हाला वाटलं असेल, आजीची तब्येत बिघडली. तब्येत ठणठणीत आहे. धाकटे, तू शाळेतल्या प्रकल्पासाठी उतरवून घेतलेलं वाचून दाखवत होतीस, की काँगोतल्या त्या मुलखाचा इतिहास गोरे लोक तिथे पोहोचल्यापासून सुरू होतो. आणि वर मला विचारलंस, "आजी, म्हणजे त्याच्या आधी तिथं काहीच घडलं नव्हतं?" माझा राग तुझ्यावर नव्हता. पण हेच वाक्य मी सोलापुरात, मॅट्रिकच्या वर्गात असताना, तोंडावर ऐकलं होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी ते पुन्हा छापून माझ्याच नातीच्या हातात द्यावं, याने माझं डोकं तापलं. फोनवर ओरडण्यापेक्षा क्रमाने लिहिणं बरं, म्हणून लिहिते. आईकडून वाचून घ्या.

एकोणीसशे तिसानंतरची ती सुरुवातीची वर्षं होती. आमची शाळा मिशनची, मुलींची. दगडी भिंती, वर पत्रा, आणि उन्हाळ्यात आत बसलं की भट्टीत बसल्यासारखं. मुख्याध्यापिका गोऱ्या होत्या, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. एका वर्षी त्यांची विधवा बहीण त्यांच्याकडे राहायला आली. तिला धाकट्या बाई. धाकट्या बाईंचे यजमान काँगोत लुबा नावाच्या लोकांमध्ये धर्मप्रचार करत होते आणि तिथेच तापाने गेले. बाईंची नजर अधू झाली होती. माझं इंग्रजी वाचन शाळेत सगळ्यात स्वच्छ, म्हणून शाळा सुटल्यावर त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वर्तमानपत्राचा एक रकाना वाचायची, की त्या मला थांबवून स्वतःच बोलायला लागायच्या. मला तेच हवं असायचं.

त्यांच्या टेबलावर एक लाकडी फळी होती. पंजापेक्षा थोडी मोठी, मध्ये कंबरेसारखी आवळलेली. पाठीवर कासवाच्या पाठीसारखं कोरीवकाम, आणि पुढच्या बाजूला बारीक खिळ्यांनी बसवलेले काचेचे मणी आणि शिंपले. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एका मोठ्या मण्याभोवती लहान मण्यांचा घोळका. मी विचारलं, "हा सोंगट्यांचा पट का?"

बाई हसल्या. "नाही. हे राजे आहेत."

लुबा लोक तिला लुकासा म्हणतात. त्यांच्या दरबारात इतिहास सांभाळणारी माणसं असायची. अशी फळी डाव्या हातात धरायची, उजव्या हाताचं बोट मण्यांवरून फिरवायचं आणि गात गात सांगायचं, की हा राजा, हे त्याच्याभोवतीचे सरदार, ही वाट कुठून कुठे गेली, इथे गादी होती. ते शिकायला वर्षं लागत आणि ते कोणालाही शिकवत नसत. बाईंनी एका म्हाताऱ्याला असं गाताना ऐकलं होतं. त्याला पुढे बाप्तिस्मा दिला. जुन्या वस्तू अंगणात जाळायला काढल्या, तेव्हा त्या ढिगातून ही फळी बाईंनी उचलून घेतली. हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. जणू कोणाच्या तरी लग्नात उरलेला लाडू पदरात बांधून आणला.

"आणि त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तो पुढे आमच्या बागेत काम करायचा. फार शांत माणूस."

हे ऐकलं तेव्हा मी मान डोलावली होती. आज ते आठवलं की मला बसवत नाही.

पण गोष्टी त्यांनी मनापासून सांगितल्या, तेवढं श्रेय देते. पहिला राजा लाल वर्णाचा होता आणि क्रूर होता. तो सगळ्यांसमोर जेवायचा, दात दाखवून खदाखदा हसायचा. पूर्वेकडून एक शिकारी आला, काळाभोर, मुलायम बोलणारा. त्याच्यापुढे जेवण ठेवलं, तर तो हात लावेना. त्याच्या मुलखात राजवंशातला माणूस कोणाच्या देखत जेवत नसे. शेवटी त्याच्यासाठी आडोसा बांधला तेव्हा तो जेवला. मी म्हटलं, "आमच्या घरीपण नैवेद्याला पडदा ओढतात." बाई म्हणाल्या, "तेच ते." शिकाऱ्याने राजाच्या बहिणीशी लग्न केलं आणि मूल व्हायच्या आत तो निघून गेला. मुलगा मोठा झाला, लढाईत आणि नाचात कोणाला ऐकेना. मामाच्या पोटात दुखायला लागलं. त्याने अंगणात खड्डा खणला, आत भाले उभे केले, वर चटई अंथरली आणि भाच्याला म्हणाला, ये, नाच. पण ढोल वाजवणारा भाच्याच्या बाजूचा होता. त्या लोकांचा ढोल बोलतो. त्याने ढोलातूनच सांगितलं, पुढे पाऊल टाकू नकोस. भाच्याने नाचता नाचता भाला चटईत खुपसून पाहिला आणि उडी मारून पळाला, नदीपार बापाकडे. सैन्य घेऊन परतला आणि राजा झाला. पुढचे सगळे राजे त्याचे.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं. राजा मेला की त्याचा आत्मा एका बाईच्या अंगात येतो असं ते मानत. ती बाई त्याच्या जुन्या राजधानीत राहायची, आणि नवे राजेसुद्धा तिच्याकडे नजराणा पाठवायचे. राजाला पेलायला बाईचंच शरीर लागतं, पुरुषाला ते झेपत नाही, असं ते म्हणत. मी घरी हे आईला सांगितलं. शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन मी अजून दारातच उभी होते. आई म्हणाली, "मग जा की तिकडंच! हितं आधी चुलीपुढचं पेलून दाखव."

आता शिवणाच्या तासाकडे येते. त्या वर्षी शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि कलेक्टरची मडम बघायला येणार होती. प्रत्येकीने काहीतरी करायचं होतं. बटवे, क्रोशाचे रुमाल, आणि मण्यांची तोरणं तर ढिगाने. मी धाकट्या बाईंच्या टेबलाशी बसून त्या फळीवरची मांडणी कापडावर मण्यांनी उतरवायला घेतली, वरून खाली, मणी जिथे तिथे. शिवणाच्या बाईंना ते बिलकुल आवडलं नाही. त्या सोलापूरच्याच होत्या, कामात बारीक, मनाने वाईट नव्हत्या. पण वाकडं त्यांना खपत नसे.

"हे काय गं? मुंग्या चालल्यात की काय?"

"बाई, असंच आहे त्या फळीवर."

"फळी वाकडी असली म्हणून तूपण वाकडं करणार होय? उसव ते."

मी उसवलं नाही. अर्धं झालं होतं, तोवर धाकट्या बाई आजारी पडून दवाखान्यात गेल्या. त्यांच्या खोलीला कुलूप लागलं आणि माझं काम थांबलं.

त्यानंतर एका दुपारी शिवणाच्या तासाला शिरले, तर फळी शिवणाच्या बाईंच्या मांडीवर होती. मोठ्या बाईंनी कुलूप उघडून ती प्रदर्शनासाठी काढली होती, पण प्रवासात तिचे काही मणी गळले होते. मोठ्या बाईंना वाटलं, मडमेपुढे अशी बोळकी वस्तू कशी मांडायची? आमच्या मुली मण्यांच्या कामात तरबेज, त्यांनाच दुरुस्त करू दे. आणि नुसते गळलेले भरून भागलं नव्हतं. नवे मणी घातले तर जुन्यांशी रांग जुळेना. म्हणून शिवणाच्या बाई चिमट्याने एकेक जुना मणी उपटून काढत होत्या, सगळं नव्याने सरळ बसवायला. शेजारी पितळी ताटली होती. निळे एकीकडे, तांबडे एकीकडे, पांढरे एकीकडे, शिंपले कडेला. डाळीतले खडे निवडावेत तसे.

मी ओरडले, "बाई, थांबा! ते राजे आहेत!"

 अख्खा वर्ग हसून फुटला. एक विणकराची मुलगी माझी मैत्रीण होती, जिभेची तिखट. ती ताटलीत बोट घालून म्हणाली, "मग ह्यातली राणी कोणती गं? हा पांढरा दे की मला, पैंजणाला लावते." पुन्हा हसणं. शिवणाच्या बाईसुद्धा हसत होत्या, आणि हात थांबत नव्हता. मी ताटली ओढली. बाईंनीही ओढली. ताटली उलटली आणि मणी सगळ्या फरशीभर झाले. मुली गुडघ्यांवर बसून वेचायला लागल्या, आणि मी उभी राहून ओरडतच होते.

मोठ्या बाईंच्या खोलीत मला नेलं. मी क्रमाने सांगितलं, की ती फळी म्हणजे लेखन आहे, मणी जिथे होता तिथेच त्याचा अर्थ होता, आणि त्यांच्या बहिणीनेच मला हे सांगितलंय. मोठ्या बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "माझी बहीण फार हळवी आहे. मुली, त्या लोकांना आम्ही जाईपर्यंत ना राजे होते ना इतिहास. तू ज्याला लेखन म्हणतेस ती रानटी लोकांची सजावट आहे, आणि आपल्या मुलींनी ती सुधारली आहे." शिवणाच्या बाईंची वर्गासमोर माफी मागायची, नाहीतर मॅट्रिकच्या परीक्षेचा अर्ज शाळा पाठवणार नाही, असंही सांगितलं.

मी माफी मागणार नाही म्हटलं आणि घरी आले. मला वाटलं, वडील माझ्या बाजूने उभे राहतील. कारण याच माणसाने एका इंग्रज लेखकाचं इतिहासाचं पुस्तक माझ्यादेखत फाडलं होतं. त्यात आपल्या राजाला लुटारू म्हटलं होतं. त्या दिवशी वडिलांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेला होता.

सगळं ऐकून ते म्हणाले, "कुठल्या कोण हबशांच्या राजांसाठी वर्ष घालवणार तू?"

"आपल्या राजासाठी तुम्ही पुस्तक फाडलंत."

"ते आपले होते."

"हे त्यांचे होते."

"मग त्यांनी बघावं की!" वडील म्हणाले आणि जेवायला बसले.

माझ्या मनात वडिलांविषयी जो आदर होता, त्यातला एक भाग त्या ताटाशी गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वतीने माफी लिहून, खाली स्वतःची सही करून शाळेत दिली. अर्ज गेला, मी पास झाले, पुढे शिकले, तुमच्या आईला शिकवलं. त्या माफीवर माझी सही नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा.

प्रदर्शनात फळी मधल्या टेबलावर, मखमलीवर होती. मणी चौकटीत, रांगेत, रंगाला रंग, डावीकडे तसे उजवीकडे. मडम वाकून म्हणाली, किती नीटनेटकं! शिवणाच्या बाईंना बक्षीस मिळालं. त्या दिवशी धाकट्या बाई दवाखान्यातून परतल्या होत्या. खुर्चीत बसवून त्यांना फिरवत होते. त्या टेबलाशी आल्या आणि फळीवर बोट ठेवलं. अधू नजरेला दिसलं नसेल, पण बोटाला कळलं. बोट एका जागी थांबलं, पुढे गेलंच नाही. पाहुणे बघत होते. त्यांनी बोट उचललं आणि म्हणाल्या, "छान झालंय."

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मनाला लावून घेऊ नकोस. नाहीतरी इथे ती कोणाला वाचता येत होती?"

"वाचता येत नाही म्हणून पुसायची?"

त्यांनी माझा हात थोपटला. मी तो काढून घेतला. त्यानंतर मी त्यांना वाचून दाखवायला गेले नाही. मोठ्या बाई तर वैरीच म्हणा, त्यांच्यावरचा माझा राग मला समजतो, तो सरळ आहे. पण या बाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्या म्हाताऱ्याला गाताना ऐकलं होतं, आगीतून फळी उचलली होती, मला बोट धरून मणी दाखवले होते, आणि लोकांदेखत "छान झालंय" म्हणाल्या. त्या म्हाताऱ्याचं जे जळायचं राहिलं होतं ते आमच्या वर्गात चिमट्याने संपलं, बक्षिसासकट. शिवणाच्या बाईंना तर मरेपर्यंत वाटत राहिलं असेल, की आपण एक मोडकी वस्तू जोडून दिली.

तेव्हा धाकटे, प्रकल्पात लिही, की युरोपातली माणसं पोहोचण्याच्या कितीतरी आधी लुबांचे राजे होते, त्यांचे सरदार होते, राजाने कसं जेवावं याचे नियम होते, मेलेल्या राजाला अंगात वागवणाऱ्या बायका होत्या, आणि हे सगळं बोटाने वाचणारी माणसं होती. तुझ्या बाई मार्क कापतील, तर कापू देत. माफी मागू नकोस, आणि तुझ्या आईने तुझ्या वतीने लिहून दिली तर मला कळव.

धाकट्या बाईंबरोबर बोटीने ती फळी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. माझं कापड ट्रंकेत आहे. निळा मणी सोलापूरच्या बाजारात हवा तसा मिळाला नव्हता, म्हणून निळ्याच्या जागी जांभळा आहे. एवढं सोडलं तर वरचा अर्धा भाग फळीवर जसा होता तसाच आहे. खालचा अर्धा कोरा आहे. तो मी भरलेला नाही.